मांजराचे पिल्लू आणि जुना जोडा

विडंबनाचा बाण सिंहासनाच्या दिशेने सोडलेला असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. राजाची फजिती आणि प्रधानाची लबाडी पडद्यावर पाहून प्रजा पोट धरून हसते आणि आपण किती शहाणे, अशा समाधानात घरी परतते. परंतु चांगल्या विडंबनाची खूण निराळी असते. हसता हसता डोळे पुसत असताना तो बाण आपल्याच छातीत येऊन रुतला आहे, हे प्रेक्षकाच्या हळूहळू ध्यानात येते. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांना हाताशी धरून लोकमत कसे घडवले जाते, या विषयावर आजवर अनेक विडंबनपट निघाले. त्यांतील जे टिकले, ते याच कारणाने टिकले. अशा दोन-तीन चित्रपटांविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्या घराघरांत शिरलेल्या एका प्रश्नाविषयी, आज वाचकांशी चार गोष्टी बोलाव्यात असे आम्हांला वाटते.

या प्रकारचा पहिला चित्रपट आम्ही पाहिला तो सेमिनरीत असताना, आमच्या एका अध्यापक धर्मगुरूंनी आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. सिडनी ल्युमेट यांचा १९७६ सालचा 'नेटवर्क'. हॉवर्ड बील नावाचा वृत्तनिवेदक प्रेक्षकसंख्या घटल्यामुळे नोकरी गमावणार असतो. तो निवेदनाच्या ओघात आपण कॅमेऱ्यासमोर आत्महत्या करणार असल्याचे जाहीर करतो आणि त्याच क्षणापासून त्याची प्रेक्षकसंख्या वाढू लागते. वाहिनीचे चालक त्याला आवरण्याऐवजी त्याच्या वेडाचाच कार्यक्रम करतात. तो सांगतो म्हणून शहरभर लोक खिडक्या उघडून संतापाने ओरडतात. अखेरीस प्रेक्षक कंटाळतात, आकडे पुन्हा उतरतात, तेव्हा त्याच वाहिनीचे चालक त्याला थेट प्रक्षेपणातच ठार करवतात. चित्रपट संपल्यावर आम्ही विद्यार्थी त्या चालकांच्या नीतिमत्तेवर तावातावाने बोलू लागलो. अध्यापकांनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "या संपूर्ण कथेत आपला संच बंद करणारा एक तरी माणूस तुम्हांला दिसला का?" वर्गात शांतता पसरली. तो प्रश्न आजही आमचा पिच्छा सोडत नाही.

पुढे काही वर्षांनी 'वॅग द डॉग' पाहण्यात आला. बॅरी लेव्हिन्सन दिग्दर्शित हा अमेरिकन चित्रपट १९९७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. नाव मोठे मार्मिक आहे. कुत्र्याने शेपटी हलवावी हा सृष्टिक्रम. परंतु शेपटीच जर अधिक हुशार निघाली तर ती कुत्र्याला हलवू लागेल, अशी ही कल्पना. येथे कुत्रा म्हणजे अवघे राष्ट्र आणि शेपटी म्हणजे त्याला बातमी पुरवणारी चार-दोन माणसे.

कथा अशी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची निवडणूक दोन आठवड्यांहूनही कमी अंतरावर आलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी राष्ट्राध्यक्षांनी एका अल्पवयीन मुलीशी गैरवर्तन केल्याचा आरोप होतो. हे प्रकरण झाकण्यासाठी कॉनरॅड ब्रीन नावाच्या चतुर सल्लागाराला पाचारण करण्यात येते. रॉबर्ट डी नीरो यांनी ही भूमिका केली आहे. लोकांचे लक्ष वळवायचे तर त्याहून मोठी बातमी हवी, आणि युद्धाहून मोठी बातमी कोणती? मात्र खरे युद्ध नको, युद्धाचा देखावा पुरे. शत्रू म्हणून तो अल्बानिया हा देश निवडतो. अल्बानियाने काही आगळीक केलेली नसते. त्या देशाविषयी अमेरिकेत कुणाला काही ठाऊक नाही, एवढीच त्याची पात्रता. मग ब्रीन हॉलिवूडच्या स्टॅन्ली मॉट्स या निर्मात्याला गाठतो. डस्टिन हॉफमन यांनी हा निर्माता इतका लोभस रंगवला आहे की त्याचा राग धरणे कठीण व्हावे.

पुढचा प्रसंग आम्हांला या चित्रपटाचे हृदय वाटतो. स्टुडिओत एका तरुण नटीला खेडवळ पोषाख चढवतात आणि हातात कुरकुरीत चिवड्यासारख्या खाऊची एक पिशवी धरून धावायला सांगतात. तिच्या मागे काहीच नसते. जळते गाव, पूल, किंकाळ्या हे सारे संगणकावर मागाहून भरले जाते. हातातल्या पिशवीच्या जागी मांजराचे पिल्लू बसवायचे ठरते. पिल्लू कोणत्या रंगाचे असावे, यावर मोठी चर्चा झडते. खुद्द राष्ट्राध्यक्षांचा निरोप येतो की पांढरेच हवे! काही तासांत ती 'अल्बानियन निर्वासित बालिका' देशभरच्या वृत्तप्रसारणांत झळकते आणि राष्ट्राचे डोळे पाणावतात. घरे जळताना पाहून कदाचित कुणी हललेही नसते, पण छातीशी धरलेल्या त्या पिल्लाने सर्वांना जिंकले.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. शत्रूच्या मागे राहिलेला एक शूर सैनिक कल्पिला जातो. त्याचे आडनाव शूमन, म्हणून त्याला 'जुना जोडा' असे लाडके नाव मिळते. त्याच्यावर एक गाणे रचून, ते जणू जुन्या काळचे आहे असे भासवून, ग्रंथालयातील जुन्या तबकड्यांत दडवून ठेवले जाते आणि मग 'सापडते'. लोक गहिवरून आपले जुने जोडे झाडांवर आणि तारांवर भिरकावू लागतात. हा शूमन प्रत्यक्षात लष्करी तुरुंगातील धोकादायक गुन्हेगार निघतो, नव्याच गुन्ह्याच्या प्रयत्नात मारला जातो आणि शेवटी राष्ट्रध्वजात गुंडाळलेल्या शवपेटीतून वीर म्हणून परततो. राष्ट्राध्यक्ष निवडून येतात. निर्माता मात्र आपल्या कलेचे श्रेय मागण्याचा हट्ट धरतो. मग त्याच्याही मृत्यूची बातमी येते, हृदयविकाराने झाला अशी! ती बातमी ऐकून आपण हसत नाही. आतापर्यंत ज्या कारखान्याची गंमत पाहिली, त्याच कारखान्यातून ती बाहेर पडली आहे, हे आपल्याला ठाऊक असते.

वाचक म्हणतील, फादर, ही कादंबरीतली कल्पना झाली. खरे आहे, लॅरी बाइनहार्ट यांच्या १९९३ सालच्या एका कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. परंतु कल्पनेला वास्तवाने आधीच खतपाणी घातले होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. १० ऑक्टोबर रोजी अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्कविषयक गटासमोर १५ वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तिचे केवळ पहिले नाव सांगण्यात आले, नायिरा. इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात तान्ह्या बाळांना उबपेट्यांतून काढून थंड जमिनीवर मरायला टाकलेले आपण पाहिले, असे तिने रडत सांगितले. ही साक्ष दूरचित्रवाणीवरून दूरवर पोहोचली. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी उबपेट्यांच्या कहाणीचा वारंवार उल्लेख केला. १२ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकी सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ मतांनी मान्यता दिली, त्या चर्चेतही ती कहाणी येऊन गेली होती. पुढे १९९२ च्या जानेवारीत जॉन मॅकआर्थर या पत्रकाराने उघड केले की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती. साक्षीमागे हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीची मोहीम होती, आणि युद्धानंतरच्या तपासात उबपेट्यांच्या त्या आरोपाला आधार मिळाला नाही.

कुवेतच्या जनतेवर अत्याचार झाले नव्हते, असे मात्र कुणी समजू नये. ते झाले होते, आणि पुष्कळ झाले होते. म्हणूनच या प्रकाराची वेदना दुहेरी आहे. खऱ्या दुःखाच्या दारात खोटे दुःख आणून उभे केले की, पुढे खोटे उघडे पडते तेव्हा खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. असत्य हे आपल्या दुर्गुणांवर पोसते, असे आम्ही मंडळी प्रवचनांतून बहुधा सांगत असतो. लोभी माणूस फसतो, मत्सरी माणूस अफवा पसरवतो, हे खोटे नाही. पण या चित्रपटाने दाखवलेले असत्य अधिक कसबी आहे. ते आपल्या दुर्गुणांना हात लावत नाही. ते आपल्या सद्गुणांना साद घालते. लहान मुलाविषयीची माया, मुक्या प्राण्याविषयीचा कळवळा, सैनिकाविषयीची कृतज्ञता हा त्या कारखान्याचा कच्चा माल आहे. निर्दय समाजाला असे फसवता येत नाही. करुणा हीच येथे भांडवल म्हणून वापरली जाते, आणि ते भांडवल आपणच, विनाव्याज, पुरवत असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात युवक-युवतींना या चित्रपटातील निवडक प्रसंग आम्ही दाखवले. पोरे खूप हसली. पिल्लाच्या रंगावरील वादाला तर टाळ्या पडल्या. चर्चा सुरू झाली तेव्हा नर्सिंगचे शिक्षण घेणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "फादर, मग आता टीव्हीवर रडणारं पोर दिसलं, तर ते खोटंच समजायचं का?" सभागृहातले हसू मावळले. तिच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरेच उत्तर हवे होते. रुग्णाचे कण्हणे खरे मानूनच जिला आयुष्यभर काम करायचे आहे, तिने हा प्रश्न विचारावा हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटले.

त्या सायंकाळी आम्ही त्या मुलांना या चित्रपटाच्या पुढच्या चरित्राची कथा सांगितली, कारण चित्रपटाला त्याच्या प्रदर्शनानंतरही चरित्र असते. 'वॅग द डॉग' झळकून महिना होतो न होतो तोच, जानेवारी १९९८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याविषयीचे मोनिका लुइन्स्की प्रकरण बाहेर आले. १७ ऑगस्ट रोजी क्लिंटन यांनी त्या संबंधांची कबुली दिली आणि २० ऑगस्ट रोजी अमेरिकेने अफगाणिस्तान व सुदान या देशांतील ठिकाणांवर क्षेपणास्त्रे डागली. पत्रकारांच्या ओठांवर एकच नाव आले. संरक्षणमंत्र्यांनाही या चित्रपटाविषयी प्रश्न विचारला गेला. विनोद बिनतोड होता खरा. पण त्या विनोदाच्या गर्दीत एक गोष्ट मागे पडली. ७ ऑगस्ट रोजी नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील अमेरिकी वकिलातींसमोर स्फोट होऊन २२४ माणसे ठार झाली होती. त्यांतील बहुसंख्य सामान्य आफ्रिकी नागरिक होते. क्षेपणास्त्रांचा तो मारा योग्य होता की अयोग्य, हा वाद स्वतंत्र आहे. परंतु ते २२४ मृत्यू कुठल्याही स्टुडिओत घडले नव्हते.

याहून विदारक घटना पुढील वर्षी घडली. कोसोव्हो प्रांतातील अल्बानियन वंशाच्या लोकांवर सर्बियाच्या सत्तेने जे अत्याचार चालवले, त्या कारणाने २४ मार्च १९९९ पासून नाटो राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर बाँबफेक सुरू केली. तेव्हा सर्बियाच्या दूरचित्रवाणीने आपल्या जनतेला कोणता चित्रपट दाखवला असेल? हाच! पाहा, अमेरिकेची युद्धे अशी बनावट असतात. अल्बानियन निर्वासित मुलगी हा हॉलिवूडचा बनाव असतो, हा त्यातला बोध. आणि त्याच दिवसांत ८ लाखांहून अधिक खरे अल्बानियन लोक, लेकराबाळांसह, ट्रॅक्टरांवर बोचकी लादून सीमा ओलांडत होते. त्यांतल्या एखाद्या मुलीच्या हातात खरेच मांजराचे पिल्लू असले, तर बेलग्रेडमधील प्रेक्षकाने तिच्याकडे पाहून काय केले असते? तो शहाण्यासारखा हसला असता.

असत्यावर केलेले विडंबन असत्याच्याच चाकरीला जुंपले गेले. सत्ताधाऱ्यांना आपण त्यांच्यावर विश्वास ठेवावा याची नेहमीच गरज असते असे नाही. आपण कशावरच विश्वास ठेवू नये, एवढ्यानेही त्यांचे काम भागते. सर्व काही खोटे आहे असे मानणारा माणूस स्वतःला चतुर समजतो. प्रत्यक्षात तो घरी बसलेला असतो, आणि त्याने घरी बसावे हीच कुणाची तरी इच्छा असते. भोळा माणूस खोट्या दुःखासाठी रडतो. चतुर माणूस खऱ्या दुःखासाठीही रडत नाही. या दोहोंत अधिक दरिद्री कोण, हे ठरवणे आम्हांला अवघड जात नाही.

या संदर्भात आपल्यासारख्या वाचकांसाठी आणखी एक गंमत आहे, आणि ती गंमत सोडून जास्त काही आहे. अल्बानियाविषयी कुणाला काही ठाऊक नाही, या गृहीतावर त्या चित्रपटाचा सारा डोलारा उभा आहे. पण भारतातल्या लहानशा खेड्यातील मुलालाही एक अल्बानियन बाई ठाऊक होती. १९१० साली स्कोप्ये येथे अल्बानियन कुटुंबात जन्मलेल्या मदर तेरेसा ५ सप्टेंबर १९९७ रोजी कलकत्त्यात निवर्तल्या. चित्रपट आला तो त्यानंतर चार महिन्यांच्या आत. ज्या देशाचे एक माणूस आपण जवळून पाहिले, त्या देशाला कुणी सहजासहजी राक्षस ठरवू शकत नाही. अपरिचय ही अपप्रचाराची सुपीक जमीन आहे, ओळख हा तिच्यातला खडक. मदर तेरेसांनी आणखी एक गोष्ट शिकवली. दुःखाचे चित्र पाहून त्यांनी गहिवर काढला नाही. गटाराकाठी पडलेल्या माणसाला त्यांनी हात लावून पाहिले. हात लावल्यावर खरे-खोटे आपोआप कळते.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१० साली अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' हा हिंदी चित्रपट आला. कर्जापायी जमीन जाण्याची वेळ आलेला नत्था नावाचा शेतकरी सरकारी भरपाई मिळावी म्हणून आत्महत्या करणार, ही वार्ता पसरते. निवडणूक तोंडावर असते. मग वाहिन्यांच्या गाड्या गावात घुसतात, पाळणे आणि खाऊची दुकाने लागतात, पुढारी येऊन हातपंप देऊन जातात. नत्था जगावा म्हणून कुणी आलेले नसते. तो कधी मरतो, याचे थेट प्रक्षेपण कुणाला मिळते एवढीच चढाओढ असते. याच गावात होरी महतो नावाचा एक म्हातारा दररोज माती खणून विकत असतो. खंगून खंगून तो आपल्याच खणलेल्या खड्ड्यात मरतो. त्याच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. त्या मृत्यूची दखल घ्यावी असे वाटणारा एकच माणूस असतो, राकेश हा स्थानिक छोट्या वृत्तपत्राचा तरुण वार्ताहर. आणि अखेरच्या आगीत जळून मरतो तोही राकेशच. तो जळालेला देह नत्थाचा समजला जातो. नत्था जिवंत राहून दूर शहराजवळच्या एका इमारतीच्या बांधकामावर मजुरी करताना दिसतो, आणि मृत्यू अपघाती ठरल्याने घरच्यांना भरपाईही मिळत नाही.

'वॅग द डॉग' जे नाही ते चौकटीत आणून दाखवतो. 'पीपली लाइव्ह' जे आहे ते चौकटीबाहेर कसे राहते, ते दाखवतो. आम्हांला दुसरा प्रकार अधिक घातक वाटतो, कारण त्यात कुणी खोटे बोललेले नसते. नत्था खरा, कर्ज खरे, गर्दी खरी. फक्त होरी वगळलेला. मांजराचे बनावट पिल्लू कधी तरी पकडले जाते. पण न दाखवलेला होरी कसा पकडायचा?

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे किंवा पडद्यावरचे राहिले असते तर आम्ही ही लेखणी उचलली नसती. मॉट्सच्या त्या चित्रीकरणाला मोठा स्टुडिओ, तंत्रज्ञ आणि गुप्ततेची शपथ लागली होती. आज तेवढे काम खिशातल्या फोनवर होते. कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन वाक्ये सांगितली की जळते गाव तयार, रडणारी मुलगी तयार, पिल्लूही हव्या त्या रंगाचे. आणि ते घरोघर पोहोचवायला वाहिनी लागत नाही. आपले कौटुंबिक व्हॉट्सॲप गट पुरेसे आहेत.

आम्ही पूर्वी सेवा केलेल्या एका धर्मग्रामातील गोष्ट. एका सायंकाळी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो देवळाच्या आवारात पन्नास-साठ तरुण जमलेले. प्रत्येकाच्या फोनवर एकच छायाचित्र होते: रस्त्याकडेचा क्रूस मोडून पडलेला, आणि खाली मजकूर, की काही कोसांवरच्या अमुक गावात अमुक समाजाच्या लोकांनी काल रात्री हे कृत्य केले. कुणी मोर्चाची भाषा करत होता, कुणी त्याहून पुढची. क्रूसाविषयीची त्यांची श्रद्धा खरी होती, डोळ्यांतले पाणी खरे होते. "सकाळपर्यंत थांबा," एवढेच आम्ही म्हणत होतो, आणि आवाज वाढत चालले होते.

जपमाळ हातात घेऊन एक वयस्कर मावशी मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, ते गाव म्हणजे माझं माहेर. मघापासून ही पोरं बोलताहेत, पण मला कुणी विचारलंच नाही. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊन येते." एका तरुणाने फोन लावून विचारा असे सुचवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोनात पाहिलं म्हणून तर तुम्ही इतके तापलात. मी डोळ्यांनी बघून येते." त्यांच्या वयाचा मान राखून मुले पांगली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात मावशी परतल्या. एसटी थांब्यापासून क्रूसापर्यंतची वाट खडीची असल्याने एका चपलेचा अंगठा तुटला होता. त्यांनी निरोप दिला: क्रूस जागच्या जागी आहे, कठड्याचा एक चिरा निखळला आहे, पण तो मागल्या पावसाळ्यात, आणि त्या समाजाची जी दोन घरे क्रूसाशेजारी आहेत, त्यांतल्या सुनेने मला पाणी दिले. पुढे आमच्याच एका मुलाने शोधून काढले की ते छायाचित्र दुसऱ्याच प्रदेशातले आणि कित्येक वर्षांपूर्वीचे होते. ते कुणी आणि कशासाठी पाठवले, हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही. त्या रात्री मोर्चा निघाला असता, तर ज्या सुनेने पाणी दिले तिच्याच दारावर तो गेला असता, हे मात्र स्पष्ट कळले.

नर्सिंगच्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला या मावशींपाशी सापडते. त्यांनी त्या छायाचित्रावर विश्वास ठेवला नाही आणि अविश्वासही दाखवला नाही, त्या गेल्या. त्यांच्या करुणेने आणि श्रद्धेने घरी बसून हंबरडा फोडला नाही, तर चार कोस प्रवास केला. फसवणुकीवर उपाय म्हणून आपले अंतःकरण कठीण करण्याचे कारण नाही. अंतःकरण मऊच राहू द्यावे. पायांना मात्र थोडे कष्ट द्यावेत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जागतिक समाजसंपर्क दिनानिमित्त २०१८ साली दिलेला संदेश खोट्या बातम्यांविषयी होता. एदेन बागेतील सर्पाच्या बोलण्यात त्यांनी जगातील पहिली खोटी बातमी पाहिली, हे अनेकांना आठवत असेल. असत्यावरचा उत्तम उतारा म्हणजे डावपेच नव्हेत तर माणसे, ऐकून घेणारी आणि लोभापासून मुक्त अशी माणसे, असा त्या संदेशाचा आशय होता. पुढे २०२१ च्या संदेशात त्यांनी बातमीदारांना बजावले की, संगणकासमोर बसून बातम्या घडवू नका. रस्त्यावर उतरा, जोड्यांचे तळवे झिजवा, माणसे आहेत तिथे जाऊन त्यांना भेटा.

हा शब्दप्रयोग वाचला तेव्हा आम्हांला तत्काळ 'वॅग द डॉग'मधील तो 'जुना जोडा' आठवला. एका बाजूला झाडावर भिरकावलेले हजारो जोडे. त्यांत भावना आहे, गाणे आहे, राष्ट्रप्रेम आहे, पण ते जोडे कुठेही चाललेले नाहीत, आणि फेकून दिल्यावर तर पायच अनवाणी. दुसऱ्या बाजूला सत्यापर्यंत जाऊन झिजलेला एकच जोडा, अंगठा तुटलेला. लोकशाही असो, धर्मसभा असो वा गावकी, ती या दुसऱ्या जोड्यावर उभी असते.

प्रत्येक बातमीमागे आपल्याला जाता येत नाही, हे आम्ही जाणतो. गाझा, युक्रेन किंवा मणिपूर येथे कोण जाऊ शकेल? परंतु तेथे गेलेला माणूस कोण, तो तेथे किती दिवस राहिला, त्याने कुणाकुणाला विचारले, हे तरी आपण विचारू शकतो. जिथे आपल्याला खरेच जाता येते, म्हणजे शेजारच्या गावात, पलीकडच्या वाडीत, भिंतीपलीकडच्या घरात, तिथे तरी फोनवरच्या चित्राला आपल्या वतीने जाऊ देऊ नये. घरातल्या मुलांनी एखादे चित्र दाखवले तर 'हे खोटे असेल' असे म्हणून त्यांचा कळवळा मारू नये, आणि 'पुढे पाठव' असे म्हणून तो वायाही घालवू नये. 'तिथे आपल्या ओळखीचे कोण राहते?' एवढे विचारावे. या लहानशा प्रश्नाने पुष्कळ मोठे मोर्चे थांबतात, आणि क्वचित एखादा आवश्यक मोर्चा निघतोही.

चित्रपटाच्या अखेरीस पुन्हा अल्बानियातून एक हिंसाचाराची वार्ता येते. ती खरी की बनावट, हे दिग्दर्शक सांगत नाही. तो पडदा काळा करतो आणि आपल्याला दिव्यांच्या उजेडात सोडून देतो. पुढचे पाऊल प्रेक्षकाने टाकायचे असते.